‘पडून राहिलेले’ अब्जावधी डॉलर

अमेरिकेत मुलं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आली, की पालकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो: ‘खासगी स्कॉलरशिपचे अब्जावधी डॉलर दरवर्षी पडून राहतात. कुणी अर्जच करत नाही. थोडी फी भरा, आम्ही मिळवून देतो. मिळेल तेवढी रक्कम तुमच्या खर्चातून वजा!’

आधी ते अब्जावधी. बरीच वर्षं फिरलेला आकडा ६.६ अब्ज डॉलरचा. त्याचं मूळ १९७६-७७ सालच्या एका अंदाजात सापडतं, आणि तो अंदाज खासगी स्कॉलरशिपचा नव्हताच. कंपन्यांकडून कर्मचाऱ्यांच्या शिक्षणासाठी साधारण ७ अब्ज मिळू शकतील, प्रत्यक्षात ३०-४० कोटीच वापरले जातात, असा तो हिशेब होता. वजाबाकी कुणीतरी उचलली आणि कॉलेजच्या मुलांच्या नावावर टाकली. अलीकडे जे मोठे आकडे दिसतात ते बहुतेक पेल ग्रँटचे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मिळणाऱ्या, परत न करावी लागणाऱ्या सरकारी पैशाचे. फॅफ्साचा, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जाचा, फॉर्मच न भरल्यामुळे ती मदत सुटते, हे मात्र खरं आहे. फॉर्म फुकट आहे, तो आधी भरा. (एच-४ वरच्या, म्हणजे आई किंवा वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या मुलांना ही सरकारी मदत मिळत नाही, ग्रीन कार्ड असेल तर मिळू शकते. आपल्याकडे यात बराच गोंधळ होतो.)

‘कुणी अर्जच करत नाही’ म्हणे! कोका-कोला स्कॉलर्स या स्कॉलरशिपच्या १५० जागा, प्रत्येकी २०,००० डॉलर. अर्ज लाखाच्या घरात. सहा-सातशे मुलांत एक. न वापरलेल्या स्कॉलरशिप असतातही, पण त्यांच्या अटी पाहा. शिकागोच्या लॉयोला विद्यापीठात झोल्प आडनावाच्या कॅथलिक मुलांसाठी एक आहे. डावखुऱ्यांची प्रसिद्ध स्कॉलरशिप हवी तर पेनसिल्व्हेनियातल्या जुनियाटा कॉलेजातच शिकावं लागतं. कुलकर्णी-पाटलांनी झोल्प व्हायचं कसं? त्यापेक्षा शाळेच्या समुपदेशकाकडची यादी, आई-वडिलांची कंपनी, गावातलं एखादं फाउंडेशन इथे रक्कम लहान असते, पण स्पर्धाही लहान असते.

फीबद्दल फार लिहायला नको. ‘हमी, नाहीतर पैसे परत’, ‘ही माहिती दुसरीकडे मिळणार नाही’, ‘क्रेडिट कार्डाचा नंबर द्या, स्कॉलरशिप राखून ठेवतो’ ही वाक्यं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, फसवणुकीची लक्षणं म्हणून सांगितलेली आहेत. २००० साली यावर कायदाही करावा लागला. स्कॉलरशिप देणारा घ्यायला का येईल, एवढं विचारलं तरी पुरे.

खरी मेख त्या फॉरवर्डच्या शेवटच्या वाक्यात, ‘खर्चातून वजा’मध्ये आहे, आणि ती भल्या भल्या पालकांना माहीत नसते. बाहेरून मिळालेली स्कॉलरशिप कॉलेजला कळवावी लागते. एकूण मदत कॉलेजने ठरवलेल्या गरजेपेक्षा जास्त झाली, तर कॉलेज आपली मदत कमी करतं. काय कमी करायचं हे कॉलेजचं धोरण ठरवतं. समजा कॉलेजने २०,००० डॉलरची ग्रँट (परत न करावी लागणारी मदत) आणि वर थोडं कर्ज दिलंय, आणि मुलीने निबंध लिहून लिहून बाहेरून ३,००० मिळवले. एक कॉलेज तिचं कर्ज ३,००० ने उतरवेल. दुसरं ग्रँटच १७,००० वर आणेल. मग घरचा खर्च जिथल्या तिथे, कष्ट मुलीचे आणि बचत कॉलेजची. २०१७ मध्ये मेरीलँडने सरकारी कॉलेजांच्या अशा कपातीवर बंधन घातलं, नंतर आणखी काही राज्यांनीही. पण सगळीकडे असं नाही.

म्हणून दहा-बारा निबंध लिहायला बसण्याआधी यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करा: बाहेरची स्कॉलरशिप आली तर आधी काय कापता, कर्ज की ग्रँट? आणि ती एकाच वर्षाची असेल, तर कापलेली ग्रँट दुसऱ्या वर्षी परत देता का? उत्तर लेखीच घ्या.