उंची किती हे विचारू नका

जपानहून येऊन आठ दिवस झाले आणि रंकाळ्यावर भेटेल तो एकच विचारतोय, "बुद्ध बघितलास न्हवं, किती उंच हाय?" आता एकदाच लिहून टाकतो, कामाकुराचा बसलेला बुद्ध 11.3 मीटर, चौथऱ्यासकट 13.35. हे ऐकलं की तोंडं पडतात, "एवढाच व्हय?" अरे बाबांनो, त्याच देशात उशिकूला 120 मीटरचा उभा बुद्ध आहे, लिफ्टनं आत वर जाता येतं, भाचा म्हणत पण होता की मामा तिकडं जाऊया, तरी आम्ही कामाकुराला गेलो आणि मला काडीचा पस्तावा नाही.

टोकियोहून रेल्वेनं तासाभरात कामाकुरा, तिथनं एनोदेन म्हणून छोटी गाडी, ती लोकांच्या परसातनं गेल्यासारखी जाते, हात बाहेर काढला तर कुणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल हातात येईल. हासे स्टेशनला उतरून थोडं चालायचं. देवळाच्या दारात हिनं सवयीनं चप्पल काढली, "अहो, कुठं ठेवायची?" आणि मागनं सगळी माणसं बुटासकट आत. भाच्यानं परत घालायला लावली, पण ही शेवटपर्यंत चोरट्यासारखी चालत होती.

मूर्ती ब्राँझची, 1252 ला ओतायला घेतलेली. आधी वर लाकडी देऊळ होतं, वादळानं पाडलं, मग परत पाडलं, आणि पंधराव्या शतकाच्या शेवटाला त्सुनामी सगळंच घेऊन गेली. त्यानंतर बांधलंच नाही. मला हेच पटलं बघा. पाचशे वर्षं उन्हापावसात तसाच मांडी घालून बसलाय. आपल्याकडं असता तर पहिल्या पावसाळ्याच्या आत पत्र्याचं शेड आणि शेडवर मूर्तीपेक्षा मोठा कुणाचा तरी फोटो. राग आला तर येऊ दे.

50 येन देऊन मूर्तीच्या पोटात जाता येतं. आत अंधार, पाठीच्या दोन खिडक्यांतनं येईल तेवढाच उजेड, आणि बाहेरनं एकसंध दिसणाऱ्या मूर्तीचे सगळे सांधे तिथं उघडे, टप्प्याटप्प्यानं ओतल्याचे. मी बराच वेळ त्या सांध्यांवरच हात फिरवत होतो.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. बाजूच्या भिंतीवर चप्पल टांगलेली, भाताच्या पिंजराची, 1.8 मीटर लांब! पहिल्यांदा 1951 ला इबाराकी भागातल्या पोरांनी वळून दिली, बुद्धानं ती घालून सगळ्या जपानभर फिरावं म्हणून. म्हणजे युद्ध संपून सहा वर्षं झालेली, देश पार मोडलेला, आणि पोरांना वाटतंय की ह्यानं आता उठून जरा चालावं. अजून दर तीन वर्षांनी नवीन जोड येतो. कोल्हापूरच्या माणसानं तिथनं कसं हलावं सांगा. ही म्हणाली, "मला मघाशी काढायला लागली नाही, ह्याची मात्र काढून ठेवल्याय."

काल चप्पल लाईनला आमच्या नेहमीच्या काकांना फोटो दाखवले. बुद्धाचा फोटो त्यांनी बघून सरकवला. चपलेवर आल्यावर चष्मा कपाळावर ढकलला, मोबाईल नाकाजवळ नेला, बोटांनी मोठा केला आणि कडेचा पीळ बघत म्हणाले, "पोरांनी वळल्याय म्हंतोस? हात बसलाय त्यांचा."