‘जंगल बुक’च्या नावानं फिरणारा तो मेसेज

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. सार असं: डिस्नेचं १९६७ चं ‘जंगल बुक’ ही आपल्याच सातपुड्याची गोष्ट, तीही पुस्तकाबरहुकूम, खरं जंगल आपल्याला त्यानंच शिकवलं, त्यात खटकण्यासारखं काही नाही, म्हणून आजची कार्टून बंद करा आणि पोरांना हे दाखवा. सोबत ‘चड्डी पहन के फूल खिला है’ हे गाणं.

गाण्यापासूनच घेऊ. ते या चित्रपटातलं नाहीच. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजांचं संगीत. नव्वदच्या दशकात दूरदर्शननं दाखवलेल्या जपानी मालिकेचं ते शीर्षकगीत. नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान वाघसुद्धा तिथलाच. आठवण एकाची, कौतुक दुसऱ्याचं.

सातपुड्याचं म्हणणं अर्धं खरं. किपलिंगनं १८९४ च्या पुस्तकात मोगलीचं घर शिवनीच्या डोंगरांत ठेवलं आणि शिवनी सातपुड्याच्याच पठारावर आहे. पण ती इथून शेकडो किलोमीटर पूर्वेला. पुस्तकातली नदी वैनगंगा, तिचं पाणी गोदावरीला जातं. आपल्या तापीशी तिचा संबंध नाही.

पुस्तकाबरहुकूम? बिल पीट यांनी आधी लिहिलेली पटकथा पुस्तकाच्या बरीच जवळ होती, गंभीर होती. वॉल्ट डिस्नेंना ती पटली नाही, आणि पीट स्टुडिओच सोडून गेले. नव्या लेखकाला डिस्नेंनी पुस्तक हातात देऊन आधी ते वाचू नको असं बजावलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. परिणाम पडद्यावर दिसतो. पुस्तकातला ‘का’ नावाचा अजगर मोगलीला माकडांच्या तावडीतून सोडवतो, चित्रपटातला त्यालाच गिळायला बघतो. पुस्तकातला बाळू अस्वल जंगलाचा कायदा शिकवणारा कडक मास्तर, चुकलं की फटके देणारा. इथला पाठ खाजवत गाणारा आळशी. राजा लुई तर पुस्तकात नाहीच. तो ओरांगउटान, म्हणजे बोर्निओ-सुमात्राचा प्राणी.

खरं जंगल शिकण्याचा दावा मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा रात्रीच्या लाईटवर मोटर चालू करायला शेतात जायची लोकांना धास्ती होती. बगीरा हा बिबट्याच, फक्त काळा. पोराला जवळ घेऊन निवांत झोपणारा बिबट्या चित्रात छान दिसतो. परवा पुतण्यानं विचारलं, “काका, अस्वल आसं नाचस का?” म्हटलं, नही रे, सातपुड्यातलं अस्वल समोर आलं तर नाचायची पाळी आपली.

खटकण्यासारखं काही नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी लुईचं गाणं पुन्हा ऐकावं. माकडांचा राजा जॅझ गातो, त्याला माणसासारखं व्हायचंय. अमेरिकेत याकडे काळ्या लोकांची टिंगल म्हणून बोट दाखवलं गेलं, आणि २०२० मध्ये डिस्नेनं स्वतःच्या ओटीटीवर या चित्रपटाआधी असं चित्रण चुकीचं असल्याची सूचना टाकली. त्याहून मला बोचली ती शेवटची मुलगी. पाणी भरता भरता ती गाते: बाप शिकारीला, आई चुलीपाशी, मोठी झाले की माझी मुलगी पाण्याला जाईल आणि मी रांधत बसेन. लहानपणी मी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

आता पोरांना दाखवायचं का? दाखवा की! जॉर्ज सँडर्सच्या आवाजातला शेरखान फारशी आरडाओरड न करता धाक बसवतो. चित्रकारांच्या पेन्सिलीच्या रेघा झेरॉक्स करून थेट सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांवर उतरवल्यामुळे बाळूच्या अंगावर हाताचा खरखरीतपणा शिल्लक राहिलाय. नदीत पाठीवर तरंगणारं ते अस्वल आणि त्याच्या पोटावर बसलेला मोगली, एवढ्यासाठीसुद्धा सव्वा तास द्यावा. मेसेजमध्ये यातलं एकही वाक्य नाही.