पोकोला कमनशिबी म्हणणे आता पुरे

कंट्री रॉकचा, म्हणजे अमेरिकी कंट्री संगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाचा, विषय निघाला की गप्पा दहा मिनिटांत ईगल्स या बँडपाशी येऊन थांबतात. त्या ओघात कोणी पोको या बँडचे नाव घेतलेच, तर ते हळहळत घेतले जाते: बिचाऱ्यांचे दोन बेसवादक ईगल्सकडे गेले आणि यांच्या हाती काही लागले नाही. हे वाक्य मी निरनिराळ्या लोकांकडून ऐकत आलो आहे आणि काही काळ मीही तेच म्हणत होतो. आता मात्र मला ते पटत नाही. पोकोचे जे नुकसान झाले त्यातले बरेचसे त्यांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतले होते, आणि त्यांना जे यश मिळाले ते अशा माणसामुळे मिळाले, ज्याच्याकडून सुरुवातीला कोणी गाण्याची अपेक्षाही केली नव्हती.

1968 मध्ये बफेलो स्प्रिंगफील्ड हा बँड फुटला. त्यांच्या शेवटच्या अल्बममधील ‘काइंड वुमन’ या रिची फ्युरेच्या गाण्यात पेडल स्टील हे गिटारच्या कुळातले वाद्य वाजवण्यासाठी कोलोरॅडोहून रस्टी यंग नावाचा तरुण आला होता. बँड संपला, पण त्यातल्या फ्युरे आणि जिम मेसिना यांनी या तरुणाला सोडले नाही. ड्रम्सवर जॉर्ज ग्रँथम आणि बेसवर रँडी माइझनर आले आणि लॉस एंजेलिसमध्ये नवा बँड उभा राहिला. नाव ठेवले होते ‘पोगो’. त्याच नावाच्या गाजलेल्या चित्रमालिकेचे जनक वॉल्ट केली यांनी हरकत घेतली, तेव्हा एक अक्षर बदलून ‘पोको’ झाले.

पहिला अल्बम ‘पिकिन अप द पीसेस’ 1969 मध्ये आला. तो बाजारात येण्यापूर्वीच माइझनर बाहेर पडला होता, आणि त्याचे कारण ईगल्स नव्हते, कारण ईगल्स तेव्हा अस्तित्वातच नव्हते. अल्बमच्या अंतिम मिक्सिंगला, म्हणजे ध्वनिमुद्रित भाग एकत्र जुळवण्याच्या कामाला, त्याला बसू दिले गेले नाही, एवढ्यावरून बिनसले. त्याने गायलेले भाग काढून तिथे ग्रँथमचा आवाज घालण्यात आला. मुखपृष्ठावर बँडचे रंगवलेले चित्र होते, त्यातूनही तो गेला आणि त्याच्या जागी एक कुत्रा रंगवला गेला. मी ते मुखपृष्ठ पहिल्यांदा पाहिले तेव्हा कुत्रा कोणाचा तरी लाडका असावा असे समजून पुढे गेलो होतो. खरे कारण कळल्यापासून ते चित्र मला कधीच गमतीचे वाटले नाही. आपल्या बेसवादकाला मिक्सिंगच्या खोलीबाहेर ठेवणाऱ्यांनी पुढे तो कोणाकडे गेला याचा दोष नशिबाला द्यावा, हे मला जरा जास्तच वाटते.

आता त्या वाद्याविषयी, कारण पोकोची ओळख त्यातच आहे. आपल्याकडे व्हॅन शिपली यांच्यामुळे जुन्या पिढीला हवाईयन गिटार माहीत आहे. पेडल स्टील हे त्याच घराण्यातले, पण बरेच गुंतागुंतीचे वाद्य आहे. टेबलासारख्या चौकटीवर आडव्या ताणलेल्या तारा, डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, पायाखाली पेडल आणि गुडघ्याने ढकलायच्या कळा. तार छेडून पेडल दाबले की काही सूर जागेवर राहतात आणि एखादा सूर मींड घेतल्यासारखा शेजारच्या सुराकडे सरकतो. कंट्री संगीतात हे वाद्य गायकामागे हुंदके द्यायला बसवलेले असे. यंगने ते लेस्ली स्पीकरमधून, म्हणजे एरवी हॅमंड ऑर्गनला जोडतात त्या फिरत्या भोंग्याच्या स्पीकरमधून वाजवायला सुरुवात केली, आणि ऐकणाऱ्याला बँडमध्ये कोणीतरी ऑर्गन वाजवत आहे असे वाटू लागले. 1970 च्या दुसऱ्या अल्बमच्या शेवटी अठरा मिनिटांच्या आसपासची एक रचना आहे, तिच्यात हा प्रकार मनसोक्त ऐकायला मिळतो. ती थोडी लांबलेली आहे, हे मान्य करतो.

मात्र हेच वेगळेपण रेडिओवर आडवे आले. रॉक स्टेशनांना हे संगीत फार कंट्री वाटे आणि कंट्री स्टेशनांना फार रॉक. मेसिना निघून गेला आणि गायक केनी लॉगिन्सबरोबर त्याने जोडी जमवली. त्याच्या जागी पॉल कॉटन आला. 1972 मध्ये ‘अ गुड फीलिन टू नो’ या गाण्यावर फ्युरेने सगळी भिस्त ठेवली होती. ते गाणे चालले नाही, आणि त्याच वर्षी माइझनरचा नवा बँड, म्हणजे ईगल्स, ‘टेक इट ईझी’ने घराघरांत पोहोचला. फ्युरे खचला. 1973 मध्ये तो ख्रिस हिलमन आणि जे. डी. साउदर यांच्याबरोबर नवा बँड काढायला निघून गेला. तो बँड दोन अल्बममध्येच आटोपला. पुढे फ्युरे कोलोरॅडोत पाद्री झाला.

इथे बँड उभा करणारे फ्युरे आणि मेसिना दोघेही संपले, पण बँड संपला नाही. उरलेल्या चौघांनी नवा माणूस न घेता काम चालू ठेवले. माइझनरच्या जागी आलेल्या टिमथी श्मिटने ‘कीप ऑन ट्रायिन’सारखे सुंदर गाणे दिले, यंगने ‘रोज ऑफ सिमरॉन’ लिहिले, जे नंतर एमिलू हॅरिसनेही गायले. 1977 मध्ये माइझनरने ईगल्स सोडले आणि तिथेही त्याच्या जागी श्मिटच गेला. हळहळणारे लोक इथे थांबतात. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. 1978 च्या अखेरीस ‘लेजंड’ हा अल्बम आला, आणि त्यातले ‘क्रेझी लव्ह’ अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत गेले. कॉटनचे ‘हार्ट ऑफ द नाइट’ विसाव्यापर्यंत. ‘क्रेझी लव्ह’ रस्टी यंगने लिहिले आणि त्यानेच गायले. सुरुवातीच्या अल्बममध्ये हा माणूस मुख्य गायक म्हणून कुठेच दिसत नाही. चार उत्तम गायक आजूबाजूला असताना त्याला त्याची गरज पडली नव्हती आणि बहुधा कोणी विचारलेही नव्हते. तेच गायक आधी सोडून गेले नसते, तर हे गाणे झाले असते का, याची मला शंका आहे.

(‘लेजंड’च्या मुखपृष्ठावरचा घोडा फिल हार्टमनने काढला आहे. होय, पुढे विनोदी अभिनेता म्हणून गाजलेला तोच.)

1989 मध्ये ‘लेगसी’ या अल्बमसाठी मूळचे पाचही जण एकत्र आले, माइझनरसकट. ते फार टिकले नाही, पण यंग त्यानंतरही एप्रिल 2021 मध्ये त्याचे निधन होईपर्यंत पोकोचे नाव चालवत राहिला. त्याच उन्हाळ्यात कॉटनही गेला.

ज्यांना ऐकायची इच्छा आहे त्यांनी माझ्या मते ‘लेजंड’पासून सुरुवात करू नये. 1971 चा ‘डिलिव्हरिन’ हा प्रत्यक्ष मैफलींतून ध्वनिमुद्रित केलेला अल्बम आधी ऐकावा, शक्यतो हेडफोन लावून, आणि गाण्यामागचा ऑर्गन कोण वाजवतो आहे ते शोधावे. ऑर्गन तिथे नाहीच.