'सडेतोड' यांना उत्तर: माझी आई आळशी नाही

लोकांनी चालावं, व्यायाम करावा असं वाटत असेल तर आधी चालण्याजोगे फुटपाथ हवेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली 'सडेतोड' या नावानं आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं: सरकार बागांमधून खुल्या व्यायामशाळा उभारतं, फिट इंडिया ही व्यायामाची मोहीम चालवतं, योग दिन साजरा करतं, तरी लोकच हलत नाहीत. मी आकडे न देता लिहिते आणि परदेशाचं कौतुक करते. शेवटी हे वाक्य: "ज्याला चालायचंच नाही त्या आळशाला फुटपाथ देऊन काय उपयोग, बाई? घरात बसून सरकारला अक्कल शिकवणं सोपं असतं."

आधी माझी चूक. फिट इंडिया २०१८ साली सुरू झालं असं मी लिहिलं होतं. ते सुरू झालं २९ ऑगस्ट २०१९ला, राष्ट्रीय क्रीडा दिनी. लेखात दुरुस्ती केली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

पण मुद्दा मांडायला 'बाई' आणि 'अक्कल' कशाला लागतात? तुमची माझी ओळखदेख नाही. समोर बसला असतात तर हे बोलला असतात का? नसतात बोलला. आणि 'घरात बसून' म्हणाल तर मी पाचवीपासून दहावीपर्यंत रोज सहा किलोमीटर सायकल मारत शाळेत गेले. आज त्याच रस्त्यावर माझ्या भाचीला सायकल घेऊन पाठवायची माझी हिंमत होत नाही. मुलगी तीच, पाय तेच. रस्ता बदलला.

आता तो 'आळशी' शब्द. माझ्या आईला एकसष्टाव्या वर्षी शुगर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास चाला. ती दुसऱ्या दिवसापासून पावणेसहाला बाहेर पडायला लागली. घरापासून बाग जेमतेम सातशे मीटर. वाटेत फुटपाथवर आधी टपरीचं बाकडं, मग विजेची डीपी, मग झाकण नसलेलं चेंबर, त्यात कुणीतरी खोचलेली झाडाची फांदी. प्रत्येक ठिकाणी खाली रस्त्यावर उतरायचं आणि पुन्हा गुडघाभर उंच कडा चढायची. गुडघे दुखणाऱ्या बाईनं हे रोज केलं. तिसऱ्या आठवड्यात उलट्या दिशेनं मोटारसायकल आली, ती दचकून मागे सरली आणि पाय चेंबरात गेला. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्यानंतर ती त्या वाटेनं गेली नाही. तुमच्या हिशेबात ती आळशी ठरते, आणि हे मी ऐकून घेणार नाही.

बागेतल्या व्यायामशाळेला मी नावं ठेवलेली नाहीत, लेख नीट वाचा. मी लिहिलं होतं की तिथवर पोचता आलं पाहिजे आणि पोचल्यावर फाटक उघडं पाहिजे. आमच्याकडे सकाळी नऊला कुलूप लागतं. मुलांचे डबे आणि शाळा उरकून बायका मोकळ्या होतात दहाला.

आकडे हवेत ना? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ तेवढी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, बायकांत ५७. आळस हेच कारण असेल, तर बायका पुरुषांपेक्षा एवढ्या जास्त आळशी कशा? अंधारात, गर्दीत, तुटक्या वाटेवर एकटीनं चालून बघायला तुमच्या घरातल्या कुणाला तरी विचारा.

परदेशाचं म्हणाल, तर कोलंबियाची राजधानी बोगोटाचं उदाहरण मी लेखात मुद्दाम दिलं होतं. कोलंबिया काही श्रीमंत देश नाही. तिथे १९७० च्या दशकापासून दर रविवारी मोठे रस्ते गाड्यांना बंद ठेवतात आणि माणसं चालायला, सायकली घेऊन लाखांनी बाहेर पडतात. आधी जागा मोकळी झाली, मग माणसं आली.

योग दिन, जुन्या तालमी, करदात्यांचा पैसा या तुमच्या प्रतिक्रियेतल्या बाकीच्या मुद्द्यांवर मी वेळ घालवत नाही. त्यांचा माझ्या लेखाशी संबंध नाही.

आई आता गच्चीत चालते, पाण्याच्या टाकीला वळसे घालत. काल मी मुद्दाम ते चेंबर बघून आले. झाकण अजून नाही. फांदी तेवढी नवी आहे.