प्राचीन ऑलिम्पिकचे गोडवे गाताना घ्यायची काळजी

ऑलिम्पिकचं वर्ष उजाडलं की तुमच्यावर कुठेतरी चार शब्द बोलण्याची वेळ येणारच. शाळेचं स्नेहसंमेलन असेल, नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघाची सभा. विषय ठरलेला : हल्ली खेळांत पैसा आणि राजकारण शिरलं, प्राचीन ग्रीसमध्ये मात्र सगळं कसं निर्मळ होतं. भाषण सोपं आहे. काय वगळायचं ते तेवढं पक्कं ठाऊक हवं.

सुरुवात मुकुटाने करा. विजेत्याला ऑलिंपियात, म्हणजे हे खेळ भरत त्या देवस्थानी, रानऑलिव्हच्या फांदीचा मुकुट मिळे, बाकी छदामही नाही. इथे आवाज थोडा कापरा करा आणि थांबा. विजेत्याच्या मागोमाग त्याच्या गावी जाऊ नका. ऑलिंपिया जिंकून येणाऱ्याला ५०० द्राख्मा (चांदीची नाणी) द्यायचे, असा नियम अथेन्समध्ये तिथल्या कायदेकार सोलोनने केला होता. पुढे तर जन्मभर सरकारी खर्चाने जेवण. देवाने फांदी द्यायची आणि सरकारने रोकड, ही वाटणी आपल्यालाही नवी नाही.

मग देशप्रेम. केनियाचा धावपटू स्टीफन चेरोनो २००३ मध्ये कतारचा झाला आणि त्याच वर्षी सैफ सईद शाहीन या नावाने जागतिक स्पर्धेत सुवर्ण घेऊन गेला, हे उदाहरण हमखास टाळ्या मिळवतं. फक्त त्याला जोडून प्राचीन ग्रीक नगर क्रोटोनच्या अस्टिलोसचं नाव निघता कामा नये. हा धावपटू पहिल्यांदा क्रोटोनचा म्हणून जिंकला आणि पुढच्या दोन स्पर्धांत, सिराक्यूज या दुसऱ्या नगराच्या सत्ताधीशाची मर्जी राखायला, स्वतःला सिराक्यूजचा म्हणवू लागला. क्रोटोनकरांनी त्याचा पुतळा पाडला आणि घराचा तुरुंग केला. चेरोनोच्या घराला केनियाने हात लावल्याचं ऐकिवात नाही.

बंदी घातलेल्या रशियाचे खेळाडू टोकियोत ध्वजाविना उतरले, त्यावर तोंडसुख घ्यायला हरकत नाही. पण श्रोत्यांत एखादा इतिहासाचा मास्तर बसलेला नाही ना, ते आधी पाहून घ्या. कारण इ.स.पू. ४२० मध्ये खेळांचं यजमान असलेल्या एलिस नगराने स्पार्टावर बंदी घातली होती. लिखास नावाच्या स्पार्टन श्रीमंताने आपला रथ बिओशिया या दुसऱ्या ग्रीक प्रांताच्या नावावर उतरवला. रथ जिंकला आणि पुकारा झाला बिओशियाचा. एवढ्यावर गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण म्हातारबुवांना राहवेना. ते सरळ मैदानात शिरले आणि घोडे कुणाचे ते सगळ्यांना कळावं म्हणून सारथ्याच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने मुकुट चढवला. पंचांच्या छडीदारांनी त्यांना तिथेच, भर मैदानात फोडून काढलं. आजकाल निवेदन काढून भागवतात.

पवित्र युद्धबंदीवर एखादं वाक्य पुरे. ती मुळात प्रवासी आणि खेळाडू सुखरूप यावेत यासाठी होती, युद्ध थांबवण्यासाठी नव्हे. तशातही इ.स.पू. ३६४ मध्ये यजमानपदाच्या भांडणातून ऑलिंपियाच्या देवराईतच लढाई पेटली, तीही पंचक्रीडा चालू असताना. तेव्हा पुढे चला.

सर्वांत जपायचं ते लाचेच्या बाबतीत. नुरा कुस्तीचा शोध आपल्याकडेच लागला असं श्रोत्यांना वाटत असेल तर वाटू द्या. इ.स.पू. ३८८ मध्ये थेसलीच्या युपोलोसने तीन मुष्टियोद्ध्यांना पैसे चारले. देणारा आणि घेणारे अशा चौघांनाही दंड झाला आणि त्या रकमेतून देवराज झ्यूसचे सहा कांस्य पुतळे उभे राहिले. कुठे? स्टेडियममध्ये शिरायच्या वाटेवर, रांगेने. पुढच्या प्रत्येक खेळाडूला त्यांच्यासमोरूनच आत जावं लागे. ऑलिंपियात विजय पैशाने नव्हे तर पायांच्या वेगाने आणि अंगच्या बळाने मिळवायचा, असं त्यांतल्या एकावर कोरलं होतं. पुतळे सहावर थांबले असते तर तुमचं भाषण बचावलं असतं. इ.स.पू. ३३२ मध्ये अथेन्सच्या कॅलिपोसने पंचक्रीडेतल्या प्रतिस्पर्ध्यांना विकत घेतलं. दंड माफ करून आणायला अथेन्सने हायपरायडीससारखा नामांकित वक्ता पाठवला. एलिस बधलं नाही, तर अथेन्सने पैसे बुडवले आणि खेळांवर बहिष्कार टाकला. अखेर ज्याचा कौल सारे ग्रीक मानत त्या डेल्फीच्या देवाने कळवलं की दंड भरेपर्यंत अथेन्सला कौल मिळणार नाही. मग भरला. आणखी सहा झ्यूस. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादापुढे महागडे वकील उभे राहतात म्हणून हळहळण्याचा परिच्छेद तुमच्या टिपणात असेल, तर तो गाळलेला बरा.

प्रश्नोत्तरं शक्यतो ठेवूच नका. कुणीतरी रोमन सम्राट नीरोचा विषय काढतोच. नीरोच्या सोयीसाठी खेळ दोन वर्षं पुढे ढकलून इ.स. ६७ मध्ये घेतले. स्वारी दहा घोड्यांच्या रथातून खाली पडली, पुन्हा चढली, शर्यत पुरी करू शकली नाही, आणि तरीही मुकुट तिलाच. पंचांना अडीच लाख द्राख्मा पोचले होते. अशा वेळी तुम्ही झटकन सॉल्ट लेक सिटीवर या : २००२ च्या यजमानपदासाठी भेटी उकळल्या म्हणून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या दहा सदस्यांना जावं लागलं. पाहा, हल्ली किती घसरण झालीय! नीरोनंतर सम्राट झालेल्या गाल्बाने पंचांकडून ते अडीच लाख परत मागितले, हे सांगण्याआधी आभारप्रदर्शन उरकून घ्या.