एन्झाइमच्या गोळ्या घ्या आणि जंतू पळवा म्हणे!

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय, "जंतू स्वतःच्या हत्यारांनी शरीरात घुसतात, आपली एन्झाइम्स त्यांना अडवतात, म्हणून एन्झाइमच्या गोळ्या घ्या, अँटिबायोटिक लागणारच नाही." तीन दावे आणि तिन्हीत घोळ.

पहिला दावा घ्या. काही हत्यारं जंतूंकडे असतात, मान्य, पण स्ट्रेप्टोकॉकस या बॅक्टेरियाचा कारभार बघा. आपल्या रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचं प्रोटीन गप्प पडून असतं, गरज लागली की त्याचं प्लाझ्मिन हे एन्झाइम होतं आणि ते गुठळीतली फायब्रिनची जाळी तोडतं. हीच जाळी जंतूंनाही अडकवून ठेवते. तर हा पठ्ठ्या स्ट्रेप्टोकायनेज नावाचं प्रोटीन सोडतो, जे स्वतः काहीच कापत नाही, नुसतं प्लाझ्मिनोजेनला घट्ट बिलगतं, तेवढ्यानंच त्याचा आकार बदलतो आणि ते चालू होतं, मग ही जोडगोळी बाकीच्या प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करत सुटते. वर जंतू ते प्लाझ्मिन स्वतःच्या अंगावर चिकटवून घेतो, तिथं आपलं अँटिप्लाझ्मिन, म्हणजे प्लाझ्मिनला लगाम घालणारं प्रोटीन, त्याला नीट आवरू शकत नाही. जाळी आपली, तोडणारंही आपलंच, वाट मात्र त्याची मोकळी! (हेच स्ट्रेप्टोकायनेज हार्ट अटॅकमध्ये गुठळी विरघळवायला औषध म्हणून वापरतात, ते वेगळंच.)

आता "आपली एन्झाइम्स अडवतात" हे. स्ट्रेप्टोकायनेजची उंदराच्या प्लाझ्मिनोजेनवर फारशी डाळ शिजत नाही. 2004 मध्ये संशोधकांनी माणसाच्या प्लाझ्मिनोजेनचं जीन घातलेले उंदीर वापरले, तर त्याच स्ट्रेप्टोकॉकसने ते कितीतरी जास्त मेले. म्हणजे आपलं प्लाझ्मिन जंतूला अडवत नव्हतं, उलट त्याच्याच कामी येत होतं. आता बोला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा दुसरा बॅक्टेरिया तर उलट्या बाजूनं खेळतो, त्याचं कोअ‍ॅग्युलेज हे प्रोटीन रक्त गोठवण्याच्या कामातल्या आपल्या प्रोथ्रॉम्बिनला न कापताच चालू करतं, फायब्रिन तयार होतं आणि तो त्याच्याच आडोशाला बसतो. प्लेगचा जंतूही प्लाझ्मिनोजेनच वापरतो, फक्त तो ते सरळ कापून चालू करतो.

राहिल्या गोळ्या. तोंडाने घेतलेलं एन्झाइम म्हणजे शेवटी प्रोटीनच, त्यातलं बरंचसं पोटात पचूनच जातं. आणि अशा गोळ्यांमधलं सेराशिओपेप्टिडेज मुळात एका बॅक्टेरियाकडूनच मिळालेलं आहे, हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही! अँटिबायोटिक लागणार नाही म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, घसा दुखवणाऱ्या ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकसवर पेनिसिलिन आजही चालतं, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर मधेच सोडू नका.