हेच ते दगड का?

६ जानेवारी म्हटलं की धुळ्याकडच्या माणसाला मच्छीबाजारातली २०१३ ची दंगल आठवते. माझा भाचा न्यू जर्सीत आहे, त्याला त्या तारखेला भलतंच आठवतं. परवा फोनवर म्हणाला, "मामा, आमच्या ऑफिसात ६ जानेवारीवरून दोन माणसं अजून एकमेकांशी बोलत नाहीत." म्हटलं, बाबा, आमच्याकडे तर तू शाळेत होतास तेव्हापासून बोलत नाहीत.

त्याची ६ जानेवारी २०२१ सालची. वॉशिंग्टनला संसदेत जमाव घुसला, शंभरावर पोलीस जखमी झाले, पुढे पंधराशेच्या वर लोकांवर खटले झाले, एकाला तर २२ वर्षांची शिक्षा लागली. आणि २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प खुर्चीत बसले त्याच दिवशी जवळपास सगळ्यांना माफी, १४ जणांच्या शिक्षेत कपात. भाच्याच्या ऑफिसातला एक म्हणतो बिचारे देशभक्त सुटले, दुसरा म्हणतो पोलिसांना मारणारे सुटले. भाच्याला वाटत होतं हे फक्त तिकडेच होतं. त्याला म्हटलं, तू जरा आपल्या गावाच्या ग्रुपवर ये.

तर ग्रुपवर काय पेटलंय ते सांगतो. आमच्या तालुक्यात काही वर्षांपूर्वी एक बंद झाला होता. कोणाचा ते लिहीत नाही, नाव लिहिलं की निम्मे लोक इथेच वाचायचं थांबतील. त्या बंदमध्ये दगडफेक झाली, एसटीची काच फुटली, दोन टपऱ्या जळाल्या. गुन्हा दाखल झाला तो नावानिशी १९ आणि 'इतर १०० ते १५० अनोळखी इसम' यांच्यावर. आता सरकारी वकिलांनी खटला मागे घ्यायचा अर्ज दिलाय. एक गट म्हणतो, बरं झालं, आंदोलन काय गुन्हा असतो का. दुसरा म्हणतो, एकेकाला आत टाका. गंमत अशी, की पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दंगलीच्या वेळी हेच दोन गट बरोब्बर उलट बोलत होते. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत. टाकत नाही, नाती सांभाळायची आहेत.

या खटल्याशी माझा संबंध आहे, तो आधी सांगून टाकतो. मी त्यात पंच होतो.

कोर्टासमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. बंदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं वर केलं तोच जमादार आले. "भाऊ, पाच मिनिटं चला, पंच पाहिजे." गेलो. नाही कसं म्हणणार? रोज दुकानावरून जाणारी-येणारी माणसं, त्यांचेच कागद माझ्याकडे झेरॉक्सला येतात. ठाण्यात टेबलावर तीन पानं लिहून तयार होती. कोपऱ्यात गोणपाटात बांधलेलं काहीतरी होतं. 'आम्हा पंचांसमक्ष घटनास्थळावरून पाच लहान-मोठे दगड व एक लोखंडी रॉड जप्त' असं त्यात होतं, हे मला फार नंतर कळलं. मी पान उलटायचं आणि सही करायचं एवढंच केलं. मग कागदाच्या लेबलांवर सह्या, त्यावर लाखेचं सील. चहा आला, तो प्यालो, दुकानावर आलो.

सहा वर्षांनी समन्स आलं. पुकारा झाला, पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकिलांनी गोणपाट सोडलं. पाच दगड टेबलावर एका ओळीत मांडले. एकाला अजून माती चिकटलेली होती.

"हेच ते दगड का?"

आता याचं काय उत्तर द्यायचं? पांझरेच्या पात्रात उभं राहून कोणी विचारावं की यातला तुझा गोटा कोणता, तसं झालं. मी म्हटलं, साहेब, सांगता येत नाही. मग आरोपींच्या वकिलांनी उलटतपासात विचारलं, तुमच्यासमोर जप्त केले का? म्हटलं, नाही, मी गेलो तेव्हा बांधलेलेच होते. मला फितूर जाहीर केलं. कोर्टाच्या भाषेत तोच शब्द आहे. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचलेला शब्द आपल्या नावापुढे लागतो तेव्हा घरी जेवण जात नाही, एवढं खरं.

त्या रात्री ग्रुपवर एकाने लिहिलं, "किती घेतले?" दुसऱ्या गटातल्या तिघांनी मला हार घातल्याचे फोटो असावेत अशा थाटात लिहिलं, "भाऊ आपला माणूस." दोघांपैकी एकालाही काय झालं ते विचारावंसं वाटलं नाही. मी कोर्टात खरं बोललो. पण सहा वर्षांआधी न वाचता सही केली ती कोणी केली? मीच. माझ्या त्या सहीने एक पुरावा मेला. दगड मारणारे त्या १९ जणांत असतीलही. दोघा-तिघांनी मारले ते अर्ध्या गावाने पाहिलंय. पण आता ते सुटायला माझी सहीसुद्धा थोडी कारणीभूत आहे, आणि हे मी कोणाही सरकारवर ढकलू शकत नाही.

आता त्या १९ नावांबद्दल. कायद्यात 'गैरकायद्याची मंडळी' असा शब्द आहे. जुन्या भारतीय दंड विधानाचं कलम १४९, आता नव्या न्याय संहितेत १९०. पाच किंवा जास्त माणसं समान उद्देशाने जमली आणि त्यातल्या एकाने दगड मारला तर तो सगळ्यांनी मारल्यासारखा. कलम चूक नाही, नाहीतर जमावाच्या आड कोणीही लपेल. पण म्हणूनच सुप्रीम कोर्टाने १९६४ साली मसाल्टी खटल्यात सांगून ठेवलंय, की एवढ्या मोठ्या घोळक्यात एकट्या साक्षीदाराच्या बोटावर विसंबू नका, निदान दोन-तीन जणांनी तेच सांगितलेलं असावं. आपल्याकडे मात्र नावं येतात कशी? ग्रामपंचायतीत कोण कोणाविरुद्ध उभा होता, कोणाचा बांध कोणी कोरला, यावरून. आणि 'इतर १०० ते १५० अनोळखी इसम' हा तर मोकळा सोडलेला रकाना. त्यात उद्या कोणाचंही नाव बसतं, आणि बसू नये म्हणून लोक काय काय करतात ते कोर्टासमोर दुकान असलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या १९ त एक पोरगा आहे. त्याची आई दोषारोपपत्राच्या झेरॉक्स काढायला माझ्याकडे आली होती, दोनशेच्या वर पानं. मशीन चालू असताना उभी राहून एकच म्हणत होती, "मना पोऱ्या तठे नही व्हता, भाऊ. मंग त्यानं नाव कसं उनं?" म्हणजे, मग त्याचं नाव आलं कसं? खरं सांगायचं तर पोऱ्या तिथे होता. चौकात उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता. स्वतःच्या व्हिडिओत माणूस दिसत नाही, दुसऱ्याच्या व्हिडिओत दिसतो. हातात दगड नाही, फोन आहे, हे पानावरच्या फोटोच्या काळ्या डागात कोणाला कळणार? पोलीस भरतीला ग्राउंड चांगलं निघालं होतं त्याचं. चारित्र्य पडताळणीत 'गुन्हा प्रलंबित' आलं आणि संपलं. आता वय निघून गेलं, केळीच्या गाड्या भरतो.

तपासात पुरावा नसेल तर १६९ खाली नाव वगळायची सोय जुन्या फौजदारी प्रक्रियेत होती, नव्यातही आहे. पहिल्या तीन महिन्यांतच कोणीतरी बसून ते व्हिडिओ नीट पाहिले असते तर हा पोरगा तेव्हाच मोकळा झाला असता. नाही पाहिले. कारण नाव वगळलं की विचारतात, का वगळलं. ठेवलं तर कोणी काही विचारत नाही.

आरोपी क्रमांक १ ज्यांनी बंद पुकारला ते. ते तारखेला येत नाहीत, त्यांच्या वकिलांचा हजेरी माफीचा अर्ज येतो. तो मीच टाइप करतो, मजकूर पाठ झालाय. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात हाच गुन्हा 'आंदोलनातला' म्हणून लिहितात आणि सभेत छाती पुढे काढून सांगतात. १९३२ साली विनोबा आणि साने गुरुजी धुळ्याच्या जेलमध्ये होते, तेव्हापासून खान्देशात जेलमध्ये जाणं मानाचं. फरक इतकाच, की ते स्वतः गेले होते, आमचे क्रमांक १ पोरांना पाठवतात. आमदार-खासदारांवरचे खटले हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घ्यायचे नाहीत असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलंय. आमचे क्रमांक १ अजून आमदार झाले नाहीत, त्यामुळे ती अडचण नाही.

मागे घेण्याचं तंत्र सगळ्या पक्षांना येतं. फेब्रुवारी २०२० मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी विधान परिषदेत सांगितलं होतं, कोरेगाव भीमा प्रकरणातल्या ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे, मराठा आरक्षण आंदोलनातल्या ५४८ पैकी ४६० मागे. त्याच्या आधीच्या सरकारनेही तेच केलं, नंतरच्यानेही. मी त्यावर सरसकट दात काढणार नाही. त्या आकड्यांत आमच्या केळीवाल्या पोरासारखे कितीतरी असतील, ते सुटले याचा आनंदच आहे. पण खटला मागे घेतला की 'तू केलं नाहीस' असं कोणी म्हणत नाही आणि 'तू केलंस' असंही म्हणत नाही. दगड मारणारा आणि शूटिंग करणारा दोघं एकाच दारातून बाहेर येतात.

माझा खरा राग मात्र पाच लाखांवर आहे. खटले मागे घ्यायच्या शासन निर्णयांत अट असते: जीवितहानी झालेली नसावी आणि मालमत्तेचं नुकसान ५ लाखांच्या वर नसावं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आमच्या बंदमध्ये जळालेल्या दोन टपऱ्यांपैकी एक शिंपीकाकांची. एक पायमशीन, एक कात्री, पत्रे, फळ्या. पंचनाम्यात नुकसान ३८,००० रुपये. ३८,००० म्हणजे पाच लाखांच्या आत, म्हणजे किरकोळ. मोठ्या शोरूमची काच फुटली असती तर खटला मागे घेता आला नसता. ज्याचं सगळंच्या सगळं गेलं, त्याचा खटला सगळ्यात सहज मागे जातो, हा हिशोब कोणत्या शहाण्याने मांडला? एसटीच्या काचेचा पंचनामा तासाभरात झाला होता. काकांचा दुसऱ्या दिवशी दुपारी.

कोणी म्हणेल, जमावाचा गुन्हा सिद्धच होत नाही, मग चालवून काय उपयोग. हे मला पटत नाही. मार्च १९९३ च्या मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसं गेली, टाडा कोर्टाने १०० जणांना दोषी ठरवलं. त्याच्या आधी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये, त्याच शहरात दंगलीत ९०० गेली. दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला, आणि शिक्षा? बोटावर मोजण्याएवढ्या. शिवसेनेचे माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना २००८ साली एक वर्ष. तेच शहर, तेच पोलीस. म्हणजे मनात असलं तर तपास करता येतो. आमच्या धुळ्यातही ६ जानेवारी २०१३ ला, हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेल्या भांडणातून दंगल पेटली, पोलीस गोळीबारात सहा जण गेले, आणि नंतर मोबाइलच्या चित्रीकरणात खुद्द पोलीसच तोडफोड करताना दिसले म्हणून सहा पोलिसांना अटक झाली. कोणाचा हात काय करत होता ते कॅमेऱ्यात दिसतं. बघायचं असेल तर.

आणि पैसे वसूल करायचे तर ते पोरांकडून कशाला? जुलै २००३ च्या मुंबई बंदसाठी हायकोर्टाने शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाख भरायला लावले होते. तो निकाल मला फार आवडतो. बंद पुकारणाऱ्याच्या खिशातून जायला लागले की बंद आपोआप शांततेत होतात, असा माझा अंदाज आहे. चुकीचाही असेल.

केरळात विधानसभेत आमदारांनी माइक-खुर्च्या फोडल्या होत्या, तो खटला मागे घ्यायला सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये नकार दिला. सरकारने सांगितलं म्हणून सरकारी वकिलाने अर्ज करायचा नसतो, स्वतः विचार करायचा असतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये तर लिहूनच टाकलंय, की पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्टाने खटला मागे घेऊ द्यायचा नाही. आमचा खटला जुना, अर्जही जुन्या फौजदारी प्रक्रियेच्या ३२१ कलमाखालचा, त्यात हे वाक्य नाही. तरी म्हणणं द्यायला कोणी अडवत नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात शिंपीकाका दुकानावर आले. त्यांना कोणी कळवलं नव्हतं, ग्रुपवरच्या भांडणातून कळलं. म्हणाले, एक अर्ज टाइप करून द्या. मीच साक्षीदार होतो, मी करावा की नाही हा प्रश्न मनात आला. साक्ष होऊन गेलीये म्हटलं आणि बसलो. वकिलांना दाखवून घ्या, एवढं त्यांना सांगितलं. 'अर्जदाराचे खालीलप्रमाणे नुकसान झाले' इथपर्यंत लिहून पंचनाम्यातलं मशीन, कात्री, पत्रे टाकायला लागलो तर त्यांनी थांबवलं.

"मशीनचं राहू द्या. ते माझं होतं. गिऱ्हाइकांचे अकरा ब्लाउज पीस आणि चार गणवेश होते आत. त्याचे पैसे मी दोन वर्षं फेडले. ते लिहा."

पंचनाम्यात ब्लाउज नाहीत. माझ्याच सहीचा पंचनामा तो नव्हता, दुसरा होता. पण असता तरी मी वाचला नसता. लिहिलं. अकरा ब्लाउज पीस, पैकी दोन पैठणीचे. चार शालेय गणवेश. त्यांनी चष्मा वर करून पूर्ण वाचला, दोनदा, मग सही केली. टायपिंगचे पैसे घेतले नाहीत, कोर्ट फी स्टँपचे घेतले.

तारीख पुढच्या महिन्यात आहे.